पिसाळकाकांचा गुरुवार

“पिसाळकाकांचा फोन आला होता,” इंद्रजित म्हणाला आणि कांदाभजीचा कागद माझ्याकडे सरकवला. जणू त्या फोनच्या आनंदातच त्यानं भजी आणली होती.

“कोण पिसाळकाका?” मी विचारलं. मला माहीत होतं. केंद्रात सगळ्यांना माहीत होतं.

“अगं, कोरेगावचे! काल कुस्तीचं विचारलं त्यांनी. काय प्रश्न होता! मॅडम खुर्चीतून उठून स्टुडिओच्या काचेपाशी आल्या.”

“मग तू काय उत्तर दिलंस?”

“मी कुठं दिलं? त्यांनाच विचारलं.”

“छान. म्हणजे तुला माहीत नव्हतं.”

“नव्हतंच,” तो हसून म्हणाला. “भजी घे की, गार होतायत.”

मी भजी घेतली नाहीत.

साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या आवारात आमचं छोटं रेडिओ केंद्र होतं. डोंगर आडवा आला की आमचा आवाज संपायचा, एवढाच त्याचा पल्ला. संध्याकाळी पाच वाजता ‘विचारून तर बघा’ नावाचा कार्यक्रम लागायचा. लोक फोन करून प्रश्न विचारायचे, आम्ही उत्तरं द्यायचो. सुरुवातीला विषय खुला होता, पण लोक गुडघेदुखी आणि सातबारा यांच्यापलीकडे जाईनात, म्हणून केंद्र चालवणाऱ्या उज्ज्वला मॅडमनी विषय बांधून दिले: खेळ, युद्धाचे सिनेमे आणि संगीत. युद्धाचे सिनेमे का, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. तसा सिनेमा इथं लोक चुका काढायला बघतात.

मंगळवार माझा होता, गुरुवार इंद्रजितचा. मी नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. इंद्रजितचं कॉमर्सचं शेवटचं वर्ष दोनदा राहिलं होतं. मंगळवारच्या आधी मी ग्रंथालयात बसून तयारी करायची. तबल्याला शाई का लावतात, उन्हात बासरीचा सूर का चढतो, कबड्डीतला दम नेमका कशासाठी, सगळं तपासून ठेवायची. एकदा रहिमतपूरच्या एका बाईंनी विचारलं, सिनेमात लांबच्या डोंगरावर तोफगोळा फुटतो तेव्हा उजेड आणि आवाज एकदमच कसे येतात? मी त्यांना सांगितलं की ते चूक आहे, उजेड आधी दिसतो, आवाज मागून येतो, आणि त्या मधल्या वेळावरून गोळा किती लांब पडला हेही काढता येतं. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे पिच्चरवाल्यांचं चूकच ना?”

“हो.”

“मग आमचे हे बरोबर सांगत होते. अगंबाई!” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

माझे फोन असे संपायचे. इंद्रजितचे संपत नसत. “तुम्हाला काय वाटतं?” हे त्याचं एकच वाक्य होतं. कुणी काहीही विचारलं की तो तेच विचारायचा आणि लोक बोलत सुटायचे. मला ती सरळसरळ लबाडी वाटायची. परीक्षेत प्रश्नपत्रिका परत करून ‘तुम्हीच लिहा’ म्हणण्यासारखी. आणि त्यालाच पिसाळकाका फोन करायचे. दर गुरुवारी. माझ्या मंगळवारी कधीही नाही.

गुरुवारचा कार्यक्रम मी ऐकत नसे. त्या वेळी मी मुद्दाम काहीतरी दुसरं काम काढायची. तरी शुक्रवारी सकाळी पिसाळकाका काय म्हणाले, ते चहाबरोबर कानावर यायचंच. त्यांचा प्रश्न असा असतो, त्यांचं हसणं तसं असतं. एक माणूस, ज्याला खरोखर प्रश्न पडतात, आणि तो विचारतो कुणाला, तर ज्याला उत्तर येत नाही त्याला. मला तो श्रोता हवा होता. इतर कुणी नाही मिळाले तरी चाललं असतं.

मग मॅडमनी मला जाहिरात बनवायला सांगितली. कार्यक्रमाची, पाऊण मिनिटाची, चांगल्या फोनचे तुकडे जोडून.

“पिसाळांचं घे,” त्या म्हणाल्या. “कुस्तीचं घेच.”

“माझ्या मंगळवारचं काही नको?”

“घे की. सापडलं तर.”

दुपारी मी एकटीच संगणकापुढे बसले, कानाला हेडफोन लावले आणि तो गुरुवार उघडला.

“मी कोरेगावहून पिसाळ बोलतोय.”

“बोला काका! रेडिओ जरा बारीक करा.”

“केला. कुस्तीचं विचारायचंय. गडी अंगात जोर धरून असला की उचलता येतो. तोच गडी ढिला पडला, शुद्ध हरपली, की उचलेना होतो. वजन तर तेवढंच. मग जड का लागतो?”

“काका, खरं सांगू? मला नाही माहीत. तुम्हाला काय वाटतं?”

तो माणूस हसला. “मला वाटतं, शुद्धीतला माणूस आपलं थोडं ओझं आपणच उचलत असतो.”

मी आवाज थांबवला. मागे नेऊन पुन्हा ऐकला.

आवाज माझ्या बाबांचा होता. पण बाबा असं बोलत नाहीत. असं हसत तर अजिबात नाहीत. म्हणून मी तिसऱ्यांदा लावलं आणि या वेळी बोलणं सोडून मागचं ऐकलं. गोडोलीत आमच्या घराला लागून पिठाची गिरणी होती. तिच्या पट्ट्याचा सांधा कप्पीवरून गेला की ‘टक्’ व्हायचं. माझा दहावी-बारावीचा सगळा अभ्यास त्या टक्-टक्‌मध्ये झाला होता. काकांच्या हसण्यामागे तीच टक् होती.

त्या दुपारी मी सगळे गुरुवार ऐकले. सनईवाला गाल फुगवून श्वास कसा साठवतो. पूल आला की कवायतीतले जवान पाय का मोडतात, म्हणजे ताल सोडून का चालतात. सिनेमातला मरणारा माणूस एवढं लांबलचक कसा बोलतो. माझ्या बाबांना हे सगळे प्रश्न पडत होते. घरात त्यांनी मला आजवर एवढंच विचारलं होतं: जेवलीस का, आणि परत कधी येणार.

संध्याकाळी बाबा ओसरीवर पेपर वाचत बसले होते. मी समोर बसले.

“बाबा, तुम्ही रेडिओ ऐकता का हो?”

“तुझा असला की ऐकतो.”

“आणि गुरुवारचा?”

“गुरुवारी कोण असतं?” पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले.

बाबांना खोटं बोलता येतं आणि इतकं सहज येतं, हे मला तेव्हा कळलं.

“तुम्हाला काही विचारायचं असलं, तर मला विचारत जा,” मी म्हणाले.

“मला काय विचारायचं असतंय?”

मी आत गेले. आई भाकऱ्या थापत होती.

“बाबा गुरुवारी फोन करतात, तुला माहीत आहे?”

“ओट्यावरनं फोन दिसतो की.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय केलं असतंस?”

“अगं, त्या इंद्रजितला काही येत नाही! मला विचारलं असतं तर मी लगेच—”

“हो, लगेच उत्तर दिलं असतंस,” आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

बाबा फौजेत होते. हे मी शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. चौथीत असताना मुलांनी विचारलं, तुझ्या बाबांनी किती मारले? मी घरी येऊन बाबांना विचारलं. “मी बँडमध्ये होतो,” ते म्हणाले. “क्लॅरिनेट वाजवायचो.” मी विचारलं, “म्हणजे तुम्ही लढाईत नव्हता?” ते म्हणाले, “लढाईत बँड नसतो, बाळ.” मी शाळेत जाऊन तसं सांगितलं. त्यानंतर वर्षभर मुलं मला बघितलं की गाल फुगवून बाजा वाजवायची. पुढे मी बाबांना त्याबद्दल काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. क्लॅरिनेट कधी घरात दिसली नाही.

दूध आणायला मात्र आम्ही रोज बरोबर जायचो. किटलीची कडी दोघांनी धरायची, ही माझ्या लहानपणीची सवय तशीच राहिली होती. बाबांबरोबर चालणं अवघड असायचं. माझं पाऊल त्यांच्या पावलाशी जुळलं की ते मध्येच एक छोटं पाऊल टाकायचे आणि चाल बदलून टाकायचे. मी पुन्हा जुळवून घ्यायची, ते पुन्हा बदलायचे. लहानपणी मला तो खेळ वाटायचा. मोठी झाल्यावर वाटायला लागलं, माझ्याबरोबर चालणं त्यांना आवडत नसावं. शेजारच्या देशमान्यांच्या मुली वडिलांच्या दोन बाजूंनी एका तालात चालायच्या, आणि मी त्यांच्याकडे बघायची.

आता मी तशीच इंद्रजितकडे बघत होते.

पुढच्या गुरुवारी काही काम नसताना मी केंद्रात थांबले. काचेच्या अलीकडे मॅडमच्या शेजारी उभी राहिले. पलीकडे इंद्रजित खुर्चीत रेलून, पाय हलवत, माझ्या बाबांशी बोलत होता.

“सिनेमाचं विचारतो,” स्पीकरमधून बाबा म्हणाले. “पिच्चरमध्ये दोन जवान जखमीला स्ट्रेचरवरनं नेतात. लेफ्ट-राईट, लेफ्ट-राईट, एका तालात. तसं नेता येतं का?”

“का नाही येणार, काका?”

“झुलतं ते. दोघांचे पाय बरोबर पडले की स्ट्रेचर झुलायला लागतं. आणि मग त्यातला माणूस...”

मॅडमनी घड्याळाकडे बोट केलं आणि कार्यक्रमाची धून वर आणली.

“काका, वेळ संपली!” इंद्रजित ओरडला. “पुढच्या गुरुवारी इथूनच सुरू करायचं हं! विसरायचं नाही!”

“नाही विसरत,” बाबा म्हणाले. घरात त्यांना इतकं मोकळं बोलताना मी पाहिलेलं नव्हतं.

इंद्रजित बाहेर आला. मला चिडवायचं असलं की तो आडनावानं हाक मारायचा. “निकम बाई, तुमचं फिजिक्स काय म्हणतंय? का झुलत असेल गं ते?”

मला माहीत होतं. दोघांनी मिळून झोपाळ्याला एकाच वेळी झोका द्यावा, तसं होतं. प्रत्येक पावलाचा धक्का आधीच्या धक्क्यात मिळतो. पाय मोडले की एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो. पुलावरच्या कवायतीचंही तेच. दोन वाक्यांत सांगता आलं असतं, आणि पुढच्या गुरुवारी त्यानं ते माझ्या बाबांना सांगितलं असतं.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

“तुला माहीत नाही?” तो खरोखर चकित झाला. “बरं झालं. मग काकांनाच विचारू.”

काका माझे बाबा आहेत, हेही मी त्याला सांगितलं नाही. एवढं तरी माझ्याकडे राहू दे, असं वाटलं.

पुढच्या बुधवारी इंद्रजितचा घसा बसला. गावात कबड्डीचे सामने होते आणि हा ओरडत होता. गुरुवारी मफलर गुंडाळून आला तेव्हा त्याच्या तोंडून वाफेसारखा आवाज निघत होता.

“आज वृषाली बसेल,” मॅडम म्हणाल्या.

मी आत जायला लागले तेव्हा त्यानं माझी बाही धरली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “पिसाळकाकांचा आला ना, तर मध्ये बोलू नकोस. प्लीज.”

“मला कळतं,” मी म्हणाले. माझ्याच बाबांशी कसं बोलायचं, हे तो मला शिकवत होता.

पहिला फोन वाईहून होता, बॅडमिंटनच्या फुलाबद्दल. मी उत्तर दिलं. मग काचेपलीकडून मॅडमनी हात वर केला आणि ओठांनी नाव सांगितलं. मी बटण दाबलं.

“विचारून तर बघा! नमस्कार, कोण बोलतंय?”

पलीकडून फक्त टक्. टक्.

“हॅलो?”

“पिसाळ,” आवाज आला. “कोरेगाव.” हसण्याचा मागमूस नव्हता. हा आवाज घरातला होता, पेपरामागचा.

मी ‘बाबा’ म्हटलं असतं तर फोन तिथंच ठेवला गेला असता.

“बोला, काका,” मी म्हणाले.



“ते इंद्रजित नाहीत का आज?”

“त्यांचा घसा बसलाय. आज मी आहे.”

“बरं. बरं. मग... क्रिकेटचं विचारतो. चेंडू हवेत वळतो कसा?”

इतके दिवस मला हेच हवं होतं. त्यांनी मला विचारलं होतं, सगळा तालुका ऐकत असताना. उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं: शिवण, चकाकी असलेली बाजू, खरखरीत बाजू. आणि मग मला आठवलं, की अकरावीत असताना मी घरच्या टेबलावर चेंडू ठेवून त्यांना हेच समजावून सांगितलं होतं. त्यांना ते माहीत होतं. मला परत पाठवायला त्यांनी एक सोपा प्रश्न शोधला होता.

काचेपलीकडे इंद्रजित मफलरमध्ये तोंड खुपसून उभा होता.

“ते सांगते, काका. पण गेल्या गुरुवारी तुमचं बोलणं अर्ध्यात तुटलं. स्ट्रेचर झुलतं, म्हणाला होता.”

“ते त्यांना विचारलं होतं.”

“हो. मला नव्हतं विचारलं.”

हे वाक्य मला म्हणायचं नव्हतं. ते गेलं. पलीकडे गिरणी चालू होती. मग मी ते म्हणाले, जे इंद्रजितचं होतं, ज्याला मी लबाडी म्हणत आले होते.

“तुम्हाला काय वाटतं, काका? का झुलतं?”

 मॅडमचा हात बटणाकडे गेला. मी मान हलवून त्यांना थांबवलं.

“वाटायचं काय त्यात, ताई,” बाबा म्हणाले. “पाय मोडून चालायचं असतं. पुढच्याचा डावा पडला की मागच्याचा उजवा. मग आतल्याला हिसका बसत नाही. शिकवतात तसं. पण उचलणारे आम्ही बँडवाले. लढाई लागली की बाजे पेटीत ठेवायचे आणि स्ट्रेचर घ्यायचं. ते काम बँडचंच असतं.”

‘लढाईत बँड नसतो, बाळ.’ वाक्य अगदी अचूक होतं. मी चौथीत होते आणि पुढचा प्रश्न विचारला नव्हता.

“आता बँडवाल्याचा पाय कसा मोडणार, सांगा तुम्ही? जन्म गेला पाय जुळवण्यात. चार पावलं नीट जायची आणि पाचव्याला जुळायचेच. पुढं पिसाळ, मागं मी...”

हे नाव बाबांनी कुणाचं घेतलं होतं, ते मला आता कळलं. ऐकणाऱ्यांना वाटलं असेल, दोघंही पिसाळच असतील. इंद्रजितनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली.

“मग काय करायचात?” मी विचारलं.

“तो पुढं मार्च गुणगुणायचा. त्याला सवयच होती ती. मी मागं मनात दुसरंच काहीतरी चालू ठेवायचो. सतराचा पाढा, आरती, काय वाट्टेल ते. त्याच्या तालात पडायचं नाही, एवढंच. एकदा पाढा चुकला म्हणून मी थांबलो, तर पुढनं म्हणतो कसा, पुन्हा सतरापासनं घे.” ते थोडंसं हसले. ते हसणं मी हेडफोनमध्ये ऐकलेलं होतं. माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते.

“एकदा एक पोरगा घेऊन उतरत होतो. तुमच्याएवढा असेल. म्हणजे... वीस-बावीसचा. शुद्धीवर होता. आम्ही बँडचे हे त्याला कळलं. म्हणाला, वाजवता येत नसेल तर म्हणा तरी काहीतरी. पिसाळनं सुरू केलं. मीपण म्हटलं. तोसुद्धा म्हणायला लागला, पडल्यापडल्या. बरं वाटलं त्याला. आणि मग आमचे पाय जुळले.”

टक्. टक्.

“झुलायला लागलं. तो ओरडला. आम्ही गाणं बंद केलं, पाय मोडले, गप्प उतरत राहिलो. तो म्हणतच होता, म्हणा, म्हणा की. आम्ही नाही म्हटलं. पार खालपर्यंत नाही. मग हळूहळू जड व्हायला लागला.”

मला कुस्तीतला तो ढिला पडलेला गडी आठवला. 

“तर ताई, विचारायचं ते असं,” बाबा म्हणाले. “गाणं बंद केलं ते बरोबर केलं का?”

माझ्याकडे उत्तर होतं. हिसक्यानं जखम आणखी वाहिली असती, वेदना वाढल्या असत्या, तेव्हा गाणं बंद करणंच योग्य होतं. त्यात काही चूक नव्हतं. ते उत्तर मी मंगळवारी कुणालाही दिलं असतं आणि त्या माणसानं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला असता.

“माहीत नाही, काका,” मी म्हणाले.

“हं,” बाबा म्हणाले. “मलाही नाही.”

“हं.”

“बस, एवढंच होतं. ठेवतो.”

“काका,” मी घाईनं म्हणाले, “तो चेंडू राहिला. वळतो कसा, ते.”

“ते माहीत आहे मला,” बाबा म्हणाले. “आमच्या मुलीनं सांगितलंय. टेबलावर चेंडू ठेवून.”

फोन बंद झाला.

बाहेर आले तेव्हा मॅडम डोळे पुसत होत्या.  इंद्रजितनं खिशातून खडीसाखरेची पुडी काढून माझ्यापुढे धरली. या वेळी मी घेतली.

घरी पोचले तेव्हा बाबा किटली घेऊन दारातच उभे होते. आम्ही निघालो. डेअरीत गर्दी होती. दूध घेतलं आणि परतीच्या रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, “त्या पोराचा घसा फार बसलाय का?”

“होईल बरा.”

“हळद घालून दूध घ्यायला सांग त्याला. गरम.”

“सांगते,” मी म्हणाले. माझ्या आतलं काहीतरी पुन्हा जळलं. सगळं सांगून झाल्यावरही त्यांना त्याचाच घसा आठवत होता. पुढच्या गुरुवारी पिसाळकाकांचा फोन पुन्हा इंद्रजितलाच गेला, आणि त्याच्या पुढच्याही. मी केंद्र सोडून पुण्याला शिकायला गेले तोवर मंगळवारी एकदाही आला नाही. फक्त त्या दिवसानंतर दर गुरुवारी पाच वाजता मी घरी थांबायची आणि स्वयंपाकघरात आईशेजारी उभी राहून, बाबा फोनवर काय बोलतात ते ऐकायची. ते दार ओढून घेत नसत.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी रस्ता थोडा उताराचा होता. किटलीची कडी आमच्या दोघांच्या हातात होती. चालता चालता माझं पाऊल त्यांच्या पावलाशी जुळलं. डावा, उजवा, डावा. मग बाबांनी एक छोटं पाऊल टाकलं आणि चाल मोडली.

मी जुळवून घेतली नाही. त्यांचा डावा पडत होता तेव्हा माझा उजवा, आणि तसेच आम्ही घरापर्यंत गेलो. किटली काठोकाठ भरलेली होती. दूध हललंसुद्धा नाही.